प्रिन्सची उडी आणि नव्या यंत्राची घाई

डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून एंटर दाबायचं. नव्वदच्या दशकात ज्यांनी चपला बाहेर काढून थंडगार कॉम्प्युटर लॅबमध्ये पाऊल टाकलं, त्यांना हा मंत्र सरांनी नाही, शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने दिला. नुसतं ‘प्रिन्स’ टाइप केलं तरी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ सुरू व्हायचा. पण पुढे ‘मेगाहिट’ जोडलं की ‘के’ दाबून समोरचा पहारेकरी आडवा करता यायचा आणि राजकन्येला सोडवायला मिळालेल्या साठ मिनिटांत भर घालता यायची. प्रिन्स, डेव्ह, डिगर, पॅकमन हे सगळं एकदोन फ्लॉप्यांत मावायचं, आणि त्यातलं काही कुणी विकत घेतलं होतं असं मला तरी आठवत नाही.

तीच फाइल आज लॅपटॉपवर आणून क्लिक केली, तर हा प्रोग्रॅम या पीसीवर चालू शकत नाही असं विंडोज सांगतं. कारण साधं आहे. डॉसचे खेळ १६ बिटांचे. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर ६४ बिटांत चालू लागले की जुन्या ८०८६चं सोंग घ्यायची त्यांची सोय बंद होते. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच मिळतं. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जो खेळ काहीशे किलोबाइटांत चालत होता, तो काही गिगाबाइटांच्या यंत्राला झेपत नाही, असा उलटा प्रकार.

पण ही अडचण त्यातल्या त्यात सोपी. तिच्यावर तोडगे निघाले आहेत आणि ते फुकट मिळतात. अवघड प्रश्न खेळ सुरू झाल्यावर येतो, कारण जुन्या खेळाचा बराच भाग फाइलीत नसतोच. तो ज्या यंत्रावर खेळ लिहिला त्या यंत्राच्या संथपणात, त्याच्या चार रंगांत, त्याच्या पडद्याच्या आकारात असतो. फाइल नव्या यंत्रावर नेता येते. हे बाकीचं कसं न्यायचं आणि किती न्यायचं, यावर गेली तीसेक वर्षं जगभरचे हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रॅमर झटत आहेत.

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘स्पेस इन्व्हेडर्स’चं. जपानच्या ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये हा खेळ केला. वरून ५५ परग्रहवासी पाच रांगांत उतरतात, खाली आपली तोफ. जसजसे ते मरतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात, आणि शेवटचा एकटा तर पिसाटल्यासारखा पळतो. खेळातला सगळा घाम तिथेच फुटतो. पण हा वेग मुळात कुणी योजलेला नव्हता. यंत्र पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्रात एकाच परग्रहवाशाला पुढे सरकवत असे. ५५ जण असताना अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला ५५ चित्रं लागत, एकटा उरला की तो प्रत्येक चित्रात पाऊल टाके. निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. आता हाच खेळ आजच्या यंत्रावर सरळ नव्याने लिहून पाहा. ५५ काय, ५५ हजार परग्रहवासीही एका दमात सरकतील, आणि खेळ सपक होईल. तो तापत जावा असं वाटत असेल, तर यंत्राचा जुना दुबळेपणा हाताने लिहून काढावा लागतो.

पीसीवर हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झने चाले, आणि सगळ्यांकडे तोच होता. तेव्हा थोडं थांबायचं असेल तर प्रोग्रॅमर घड्याळाकडे बघत बसत नसे. एक ते अमुक हजार आकडे मोज, मग पुढचं पाऊल टाक, एवढंच तो यंत्राला सांगे. पुढे यंत्रं वेगवान झाली, आकडे क्षणात मोजून होऊ लागले आणि खेळातली भुतं वेड लागल्यासारखी पळू लागली. म्हणूनच असेंबल केलेल्या पीसीच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचं बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग यंत्राला मुद्दाम हळू करण्याचा. बटणाशेजारच्या, वेग दाखवणाऱ्या लाल आकड्यांकडे बघून पुष्कळांना वाटायचं की आपण वेग वाढवतोय.

काही हुशार लोकांनी आधी यंत्राचा वेग मोजायचा आणि मग त्या हिशेबाने थांबायचं, असा उपाय केला. डॉस ५ सोबत १९९१ मध्ये आलेल्या ‘गोरिला’त, म्हणजे इमारतींवरून एकमेकांना केळी फेकून मारणाऱ्या दोन माकडांच्या खेळात, सुरुवातीलाच असं मोजमाप होतं. टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहायच्या साधनातही ती सोय तयार मिळे. घड्याळाच्या एका ठोक्यात, सुमारे ५५ मिलिसेकंदांत, आपण किती आकडे मोजतो ते बघायचं आणि त्याला ५५ने भागायचं. पण यंत्रं २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे गेली तेव्हा हे उत्तर १६ बिटांत मावेना. मग पास्कलमधले कित्येक प्रोग्रॅम उघडताक्षणी ‘रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार’ अशी तक्रार करून आपटू लागले. शून्याने कुणी भागलेलंच नव्हतं. यंत्र जास्त वेगवान झालं होतं, एवढाच गुन्हा.

या घाईची सगळ्यात गाजलेली गोष्ट विंडोजमधल्या पिनबॉलची. ‘स्पेस कॅडेट’ नावाचं हे टेबल सिनेमॅट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने केलं आणि ते १९९५ मध्ये विंडोज ९५च्या ‘प्लस’ या जोडसंचातून आलं. विंडोज एनटी इंटेलखेरीज इतर प्रोसेसरांवरही चालायचं. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमर यांनी त्यातला असेंब्लीतला, म्हणजे एकाच जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला भाग सी भाषेत उतरवला. चेंडूच्या गणिताला मात्र हात लावला नाही. खेळ पडद्यावर जमेल तितक्या वेगाने चित्रं काढत राही. यंत्रं सुधारली तसा तो अख्खा प्रोसेसर गिळू लागला. मग मायक्रोसॉफ्टमधल्याच रेमंड चेन यांनी त्याला सेकंदाला १०० चित्रांची वेसण घातली आणि प्रोसेसर मोकळा झाला. पुढे ६४ बिटांसाठी खेळ पुन्हा बांधायला घेतला, तर चेंडू टेबलावरच्या वस्तूंना धडकेचना. तो सुरुवातीलाच आरपार खाली पडे. बाहेरच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी लिहिलेला, टिपणं नसलेला कोड होता तो. चेन सांगतात त्याप्रमाणे त्यांना चूक सापडली नाही. पुढे विंडोज व्हिस्टात पिनबॉल दिसलाच नाही. यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने मूळ फाइल उलगडून तिच्यातून वाचता येईल असा कोड परत मिळवला आणि तो सगळ्यांसाठी खुला केला. आता हाच पिनबॉल ६४ बिटांवर, लिनक्सवर, फोनवर सुखाने चालतो. मूळ कोड हाताशी असलेल्या कंपनीने जे सोडून दिलं, ते फक्त फाइल हातात असलेल्या माणसाने केलं. त्याला वेळेचं बंधन नव्हतं, एवढा फरक सोडला तर दुसरं कारण दिसत नाही.

वेगानंतर पडद्याचा आकार. डॉसचे बहुसंख्य खेळ आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके वापरत, आणि ते चारास तीन प्रमाणाच्या पडद्यावर ताणून बसत. म्हणजे तेव्हाचा ठिपका चौरस नव्हता, थोडा उभट होता. आजच्या पडद्यावरचा ठिपका चौरस असतो. त्यामुळे काळजी न घेता आणलेल्या खेळात गोल चंद्र बसका होतो आणि माणसं बुटकी दिसतात. इतकी साधी चूक आजही विकत मिळणाऱ्या आवृत्त्यांत सापडते, आणि ती दिसली की मी बाकीचं परीक्षण तिथेच थांबवतो.

टीव्हीचंही तसंच. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवत, युरोपात आणि भारतात पाल पद्धतीमुळे ५०. साठच्या हिशेबाने लिहिलेला खेळ पन्नासवर चालवला की त्याचा सहावा हिस्सा वेग जातो. सोनीने २०१८ मध्ये जुन्या प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती काढली, तेव्हा तिच्यातल्या २० खेळांपैकी ९ या संथ पाल आवृत्त्या निघाल्या. नव्या टीव्हीला असलं काही बंधन नसताना मूळ मालकानेच मंदावलेला खेळ विकला. यावर लोक चिडले ते बरोबरच होतं.

आता तोडग्यांकडे येऊ. सगळ्यात मोठा राजरस्ता इम्युलेशनचा, म्हणजे खेळाला हात न लावता जुन्या यंत्राचंच सोंग उभं करण्याचा. २००२ मध्ये दोन डच प्रोग्रॅमरांनी ‘डॉसबॉक्स’ बाहेर आणला. त्यात प्रोसेसर, आवाजाचं कार्ड, डॉस, सगळं नकली असतं आणि यंत्र किती हळू चालवायचं ते आपण ठरवतो. कंट्रोल आणि एफ ११ दाबलं की यंत्र म्हातारं होतं, एफ १२ने तरुण. टर्बो बटणाचाच हा नवा अवतार. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ मध्ये ‘गॉग’ हे जुन्या खेळांचं दुकान थाटलं. तिथले डॉसचे बहुतेक खेळ म्हणजे मूळ फाइल आणि तिच्या पोटाशी बांधलेला डॉसबॉक्स. २०१५च्या जानेवारीत इंटरनेट अर्काइव्हने डॉसचे सुमारे २,४०० खेळ थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले, आणि तेव्हापासून काही उतरवून घ्यायचीही गरज उरली नाही. २०२० संपताना ब्राउझरमधल्या ‘फ्लॅश’ या तंत्राचा शेवट झाला, तेव्हाही अशाच नकली यंत्रांनी हजारो छोटे खेळ वाचवले.

नक्कल किती हुबेहूब हवी, याला मात्र अंत नाही. सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राचा प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्याची तंतोतंत नक्कल करायला तीन गिगाहर्ट्झचं यंत्र लागतं, असं ‘बीस्नेस’ या इम्युलेटरच्या कर्त्याने २०११ मध्ये दाखवलं होतं. बाकीचे इम्युलेटर अंदाजाने काम भागवत आणि बहुतेक खेळ त्यांत नीट चालत. पण एका खेळात विमानाची सावली गायब व्हायची, दुसऱ्यात शेवटाजवळचं एक बटण दाबताच खेळ गोठायचा. खेळताना त्या सावलीचा आधार लागत असल्यामुळे ती नसणं ही केवळ शोभेची बाब नव्हती.

दुसरा रस्ता मूळ कोड घेऊन तो नव्या यंत्रासाठी पुन्हा बांधण्याचा. हा सगळ्यात सरळ, पण त्यासाठी कोड जपलेला हवा. ‘स्कीफ्री’ आठवतं का? पांढऱ्या बर्फावरून घसरत जायचं आणि शेवटी हिममानवाने गिळून टाकायचं. १९९१चा हा खेळ क्रिस पिरिह यांनी घरी, स्वतःच्या हौसेने लिहिला होता. २००५ मध्ये त्यांना त्याचा जुना कोड सापडला. त्यांनी तो ३२ बिटांसाठी पुन्हा बांधला आणि हिममानव आजच्या विंडोजवरही माणसं गिळतो आहे. ‘डूम’ या गोळीबाराच्या खेळाचा कोड त्याचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी १९९७च्या डिसेंबरात खुला केला. त्यातला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे तेवढा वगळावा लागला. पुढे लोकांनी डूम जिथे प्रोसेसर दिसेल तिथे चालवून दाखवला. तो इतका मोठा पंथ झाला आहे की त्याच्यावर वेगळा लेख लागेल.

काही दूरदर्शी लोकांनी ही अडचण आधीच ओळखली होती. ‘झॉर्क’ हा शब्दांतून खेळायचा खेळ काढणाऱ्या इन्फोकॉमने १९७९ मध्येच एक काल्पनिक यंत्र कल्पिलं आणि खेळ त्याच्यासाठी लिहिले. खऱ्या यंत्रावर फक्त त्या काल्पनिक यंत्राचा दुभाषा बसवायचा. फ्रान्सच्या एरिक शाई यांनी १९९१च्या ‘अनदर वर्ल्ड’मध्ये तेच केलं, आणि तो खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज जात राहिला. हे खेळ नव्या यंत्रावर आणायला कष्ट पडत नाहीत. त्यांना मूळ यंत्राची सवयच लागलेली नव्हती.

आणि तिसरा रस्ता, माझ्या आवडीचा, उलगडण्याचा. म्हणजे फाइलीतली यंत्रभाषा ओळ न ओळ वाचून माणसाला कळेल अशा भाषेत परत लिहिणं. ‘डिगर’ हा कॅनडाच्या विंडमिल सॉफ्टवेअरने १९८३ मध्ये काढलेला, जमीन खणून पाचू वेचायचा खेळ. तो डॉसशिवाय, थेट फ्लॉपीवरून सुरू व्हायचा. त्या फ्लॉपीला कॉपीबंदी होती आणि खेळाला सीजीए हे पडद्यावर चित्र काढणारं जुनं कार्ड, तेही खरंखुरं, लागे. नव्या पीसीवर तो चालेना. अँड्रू जेनर यांनी १९९८ मध्ये ‘डिगर रीमास्टर्ड’ आणला, तो मुळाबरहुकूम वेग राखून. कोणी विचारलंच, की जुना खेळ नव्या यंत्रावर कसा आणावा, तर मी आधी हा दाखवीन. चित्रं हवी तर नवी घ्या, हवी तर जुनी ठेवा, पण मागे लागलेला राक्षस ज्या अंतरावरून गाठत असे त्याच अंतरावरून गाठतो.

प्रिन्सची कहाणी यात सगळ्यात वळणांची. जॉर्डन मेकनर यांनी तो १९८९ मध्ये ॲपल टू यंत्रासाठी लिहिला. त्याचा मूळ कोड हरवला आहे असं बरीच वर्षं सगळ्यांना वाटत होतं. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉप्या होत्या. इंटरनेट अर्काइव्हच्या जेसन स्कॉट आणि इतरांनी मिळून त्या वाचल्या आणि मेकनर यांनी कोड सगळ्यांसाठी ठेवला. वाचणाऱ्यांना मेजवानी मिळाली. ॲपल टूमध्ये जागा इतकी कमी, की सुरुवातीला वेगळा शत्रू रेखाटायला ठिकाणच नव्हतं. मग मेकनर यांनी राजपुत्राच्याच चित्रावर तेच चित्र किंचित सरकवून, बिटांची उलटापालट करून एक झिरझिरीत आकृती उभी केली. आरशातून बाहेर येऊन आपलीच वाट अडवणारा तो सावलीपुरुष या कंजुषीतून जन्मला. पण आपल्याकडे जो प्रिन्स खेळला गेला तो १९९०चा डॉसवरचा, आणि सापडलेला कोड त्याचा नव्हता. तो प्रिन्स नव्या यंत्रावर आला तो डॉसची फाइल उलगडूनच. ‘एसडीएलपॉप’ नावाच्या या आवृत्तीत मूळच्या चुका एकेक करून दुरुस्त करता येतात किंवा जशाच्या तशा ठेवता येतात. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. दुरुस्त करणारा आपली आवड लादत नाही, चुकीची यादी समोर ठेवतो.

याच्या उलट टोकाला नव्याने रचलेले खेळ. नोकियाचा साप १९९७ मध्ये टानेली अर्मान्टो यांनी ६११० या फोनसाठी लिहिला. २०१७ मध्ये ३३१० फोन नव्या रूपात आला, त्यात सापही होता, पण रंगीत आणि दुसऱ्याच कंपनीने नव्याने रचलेला. नाव तेच ठेवून आठवण विकायची, एवढंच त्यातून साधलं. फोनवर आलेल्या बहुतेक जुन्या खेळांचं हेच होतं. काचेवर बाणांची बटणं रंगवली म्हणून ती बोटाला लागत नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर इथे सगळेच थोडे अंधारात वावरतात. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. डिगर आणि कादंबरी एकाच पंगतीत, आणि हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कलम ५२ प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देतं, तो कसा चालतो याचा अभ्यास करू देतं. पण उलगडून पुन्हा लिहिलेला खेळ वाटता येतो का, हे त्यातून निघत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये एका न्यायालयाने टेट्रिसची हुबेहूब नक्कल बेकायदा ठरवली. खेळाचा नियम कुणाचा नसला तरी त्याचं रूप मालकाचं, असा त्या निकालाचा आशय होता. दुसरीकडे २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीत दिसलं. मालक विकत नाहीत आणि इतरांना देऊही देत नाहीत. गंमत अशी, की यातले पुष्कळ खेळ जगले ते चोरांमुळे. प्रिन्समध्ये पहिल्या पातळीनंतर एक खोली येई. तिथे छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधून त्या अक्षराची बाटली प्यावी लागे. आमच्या लॅबमध्ये ती पुस्तिका कुणी पाहिलीच नव्हती. कुणीतरी, कुठेतरी कुलूप काढलेली प्रतच आमच्यापर्यंत आली होती.

एवढं सगळं जमल्यावरही हातात काहीतरी खुपत राहतं. डॅन लू या अभियंत्याने २०१७ मध्ये कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतचा वेळ अनेक यंत्रांवर मोजला. १९८३चं ॲपल टू-ई सगळ्यात चपळ निघालं, ३० मिलिसेकंद. आजची पुष्कळ यंत्रं त्याच्या तिप्पट-चौपट वेळ घेतात. कळफलक, विंडोजचे थर, पडदा, प्रत्येक जण थोडं थोडं खातो. त्यात इम्युलेटरचा आणखी एक थर. आजचं यंत्र हजारपट वेगवान, पण बोटाला उत्तर द्यायला आळशी. पॅकमन वळणावर चुकतो तेव्हा नेहमी आपलं वय झालेलं नसतं.

माझ्या भाचीने परवा एसडीएलपॉपमध्ये प्रिन्स खेळून पाहिला. तिची तक्रार होती की राजपुत्र ऐकत नाही. कळ सोडली तरी तो दोन पावलं पुढे जाऊन थांबतो आणि खड्ड्यात पडतो. लॅपटॉप स्लो आहे का मामा, असं तिने विचारलं. मी सेटिंग बघितलं, वेग बरोबर होता. ती दोन पावलं यंत्राची नाहीत. १९८५ मध्ये मेकनर यांनी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला आणि उड्या मारायला लावलं. ते व्हिडिओवर टिपलं आणि त्यातल्या एकेका चित्रावरून राजपुत्र रेखाटला. धावत्या मुलाला जागच्या जागी थांबता येत नाही, त्याला अजून दोन पावलं लागतात. भाचीने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिने कळ दोन पावलं आधी सोडली.